अर्ध्या बैलाचा ताप

मी एक जुना थर्मामीटर आहे, मित्रांनो, आणि मी अर्धा अंशसुद्धा चुकत नाही. निदान पहिली दोन वर्षं तरी मला असंच वाटायचं. मग कळलं, मी तीन अंश जास्त दाखवत होतो. तोवर, मांस चिवट होतं ते गाईगुरांच्या जातीमुळे, असा पेपर आमच्या प्रोफेसरांनी छापूनही टाकला होता.

माझी नोकरी कार्ल्सरूहेजवळच्या एका संशोधन संस्थेत, कोल्ड रूममध्ये. टांगलेल्या बैलाच्या मांडीत हाडापर्यंत रुतून बसायचं, बस्स.

पुण्याची तनया तिथे पीएचडी करते. तिचं म्हणणं, ताजं मांस एकदम गार केलं की आखडतं आणि चिवट राहतं. पहिले दहा तास बेताबेताने गार केलं तर मऊ होतं. हे दाखवायला तिला एकच बैल मंजूर झाला होता. एक अर्धा जोरदार पंख्याखाली, दुसरा सावकाश. जमलं नाही तर पीएचडी लटकणार होती.

आदल्या दिवशी संस्थेचं बर्फाचं मशीन बंद पडलं, म्हणून बर्फाच्या पाण्यात मी बरोबर शून्य दाखवतो का, हे तपासायला तिने मला घरी आणलं. घरी तिच्या सासूबाई, मनोरमाबाई, आलेल्या. जर्मनीत आल्यापासून तीन आठवडे त्यांचं दही लागत नव्हतं. सुनेने त्यांना 'फ्रिजचा अभ्यास करते' एवढंच सांगितलं होतं. मी ओट्यावर दिसलो, त्यांनी मला दुधात बुडवलं, विरजण लावलं आणि पातेलं शालीत गुंडाळलं. माझ्यासकट. मी आधी कुठे कुठे जाऊन आलोय, हे मीही बोललो नाही.

सकाळी तनयाने विचारलं, "आई, माझा थर्मामीटर पाहिलात?"

"अगं, दह्यात आहे. बघ, सुरीने कापावं असं लागलंय."

तिने मला पुसलं, बैलाच्या सावकाश अर्ध्यात खुपसलं आणि ती व्हिसाच्या टेर्मिनला, म्हणजे ऑफिसात ठरलेल्या वेळेला, गेली. तिथे फोन बंद ठेवावा लागतो. माझ्या आत दही शिरलं होतं. चार तासांनी मी बेचाळीस दाखवायला लागलो. जिवंत बैलसुद्धा इतका गरम नसतो. कोल्ड रूम सांभाळणारे क्रूगर साहेब घाबरले आणि त्यांनी त्या अर्ध्यावरचाही पंखा पूर्ण जोरात सोडला.

दोन्ही अर्धे सारखेच चिवट निघाले. चाखणाऱ्या सहा जणांपैकी एकाच्या दाढेतलं सिमेंट निघालं.

तनयाने घरी येऊन मला ओट्यावर उघडलं आणि आतलं दही पुसून काढलं. सासूबाईंनी हळूच विचारलं, "फ्रिज बिघडला का गं माझ्यामुळे?"

"नाही आई. फ्रिज ठीक आहे."

प्रोफेसरांनी कुरकुरत दुसरा बैल दिला. मित्रांनो, थर्मामीटर कोरडा ठेवावा आणि ज्या कामाचा आहे त्याच कामाला वापरावा, एवढंच मागणं आहे. या वेळी तनयाने मला घरी नेलं नाही. नवी बॅटरी घातली, दहा तास शेजारी बसून आकडे लिहिले आणि माझ्यावर जर्मनमध्ये चिठ्ठी चिकटवली, कुणीही हात लावू नये.

क्रूगर साहेबांनी हात लावला नाही. आठवड्याने ती मांडी करवतीवर गेली, तेव्हाही लावला नाही.

मांस मऊ निघालं. माझे दोन तुकडे झाले.