हा ट्रान्झिस्टर कुणाचा?

मित्रांनो, मी एक जुना ट्रान्झिस्टर आहे. माझी एक कड फुटली आहे, कव्हर विरलं आहे, आवाजाला खरखर आहे. तरीही मी आज मान ताठ करून बोलणार आहे.

जन्म माझा कारखान्यातला, पण घर मिळालं ते चंडीगढच्या सेक्टर ३० मध्ये. तिथल्या प्रयोगशाळेत सदाशिवराव नाजूक उपकरणं जुळवायचे. बदलीनं आलेलं साताऱ्याचं कुटुंब. माझा आवाज बसला की ते मला उघडत, तुटलेली तार डाग देऊन जोडत, आणि मी पुन्हा गाऊ लागे.

त्यांचा मुलगा चारुदत्त चोवीस वर्षांचा होता; तिथेच वाढल्यानं घरातही हिंदीच बोलायचा. त्याला नशेच्या गोळ्यांचं व्यसन लागलं. घरातल्या वस्तू एकेक करून नाहीशा होऊ लागल्या. आधी घड्याळ, मग समई. सदाशिवरावांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. शेजाऱ्यांनी विचारलं की म्हणत, “तो पुण्याला असतो.” आणि आतल्या खोलीत पडल्या पडल्या चारुदत्त ते ऐकत असे.

त्याची आई, नलिनीबाई, तांदूळ निवडताना माझा आवाज बारीक करून स्वतःच गुणगुणत:

वाट चुकला राजहंस
त्याचा जिवा लागे ध्यास
म्हणू नका कुणी त्यास
परका गं

मी हजारो गाणी गायलो, पण हेवा वाटला तो या ओवीचा.

एका दुपारी चारुदत्तनं मलाच पिशवीत घातलं. चंडीगढजवळच्या पिंजौरला त्याला कुणी ओळखत नव्हतं, तिथे तो मला विकणार होता. पण बसमधून उतरताच, गोळी न मिळाल्यानं, त्याला उलटी आली. मला थांब्यावरच्या बाकावर ठेवून तो नळाकडे धावला.

ते दिवस पंजाबातल्या दहशतीचे. ट्रान्झिस्टरमध्ये बॉम्ब ठेवतात, ही बातमी मीच तर घरोघर सांगितली होती! मला एकटा पाहून कुणीतरी ओरडलं, “लावारिस रेडियो! हाथ मत लगाना!” क्षणात मी बेवारस ठरलो, थांबा ओस पडला. जन्मभर माणसं माझ्याजवळ सरकून बसली. त्या दिवशी ती मला पाहून पळाली.

हवालदार लांबूनच गरजला, “ओए, किसका है ये?”

चारुदत्त गर्दीच्या मागे उभा होता. गुपचूप परतीची बस धरली असती तर सुटला असता. पण तो पुढे आला.

“मेरा है जी. अपने घर से चुराया है.”

“तेरा है तो तू ही खोल!”

त्यानं खाली बसून मला मांडीवर घेतलं. झाकण निघालं आणि आतून तीन सेल घरंगळले.

“हाय रब्बा,” एक म्हातारी म्हणाली, “ये तो गाने वाला ही निकला!”

खात्री करून घ्यायला हवालदारानं आम्हा दोघांना जीपमधून घरी आणलं. जिन्यात शेजारी जमले. सदाशिवरावांनी दार उघडलं.

“रेडियो आपका है?”

मित्रांनो, नुसतं ‘हो’ म्हणून मला आत घेता आलं असतं. सदाशिवरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “दोनों मेरे हैं जी.”

हवालदार सगळी हकीकत सांगून गेल्यावर त्यांनी विचारलं, “पळाला का नाहीस रे?”

“वो लावारिस बोल रहे थे, बाबा. सुना नहीं गया.”

“उद्या सकाळी दवाखान्यात जायचं. मी बरोबर येणार. हातात पैसे मात्र मिळणार नाहीत, कळलं?”

“आप छुट्टी लोगे?”

“घेतली.”

व्यसन एका दिवसात सुटलं नाही. चारुदत्त पुढे दोनदा घसरला. दोन्ही वेळा सदाशिवराव त्याला घेऊन गेले, आणि कुणी विचारलं की आवाज न उतरवता सांगत, “दवाखान्यात आहे. बरा होतोय.” तो खरंच बरा झाला. अशा घरात मी गायलो, याचा मला अभिमान आहे.

मला पुसा, माझे सेल बदला, असं मागणं मी मागत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी कुणी दादा, कुणी ताई अशा आजारात सापडली, तर पाहुण्यांसमोर त्यांचं नाव गाळू नका. कुणी विचारलं तर आधी तुम्हीच सांगा, आमचं माणूस आहे.