ओढ्याकाठची चारशे रोपं

"टीगबाई, रांगा ओढ्यापर्यंत नेऊ ना?" नवा शिक्षक कोल्बी रीस याने विचारलं. भोवती वीस-बावीस मुलं, आणि मार्चच्या थंडीतही त्याचा चेहरा फुललेला.

लोर्ना टीगने खाली पाहिलं. बुटांखाली चिखल पचपचत होता. पाणी साचतं तिथे फरची, म्हणजे ख्रिसमसच्या झाडांची, मुळं कुजतात. तिच्या वडिलांची अख्खी बाग अशीच गेली होती.

"तुम्हाला योग्य वाटेल तसं करा," ती म्हणाली.

बावीस वर्षं ती या डोंगरातल्या शाळेत शेतकी शिकवत होती. मुलांनी स्वतः चालवायची ख्रिसमसच्या झाडांची बाग, ही कल्पना तिचीच. अकरा वर्षं तिने मुख्याध्यापकांकडे ही पडीक जमीन मागितली, आणि दर वर्षी त्यांनी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून वाटेला लावलं. कोल्बी सप्टेंबरात नोकरीला लागला. फेब्रुवारीत जमीन मिळाली. गावच्या वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. लोर्नाची बहीण ते कात्रण घेऊन आली नि म्हणाली, तू नुसती बोलत राहिलीस, याने करून दाखवलं. त्या दिवशी लोर्नाला घास गेला नाही.

ओढ्यापर्यंत चारशे रोपं लावून झाली. मुलं सुट्टीच्या दिवशीही त्याच्या मागेमागे शेतात जायची. तो अधूनमधून तिचा सल्ला विचारायचा. छान चाललंय, एवढंच ती सांगायची. शब्द ओठांवर यायचे, पण मुलांचं हसणं कानावर पडलं की ती ते गिळून टाकायची.

दुसऱ्या उन्हाळ्यात रोपं पिवळी पडली, मग तांबूस. बागेची सगळी देखभाल पाहणारी विद्यार्थिनी हेझल बर्केट एक रोप उपटून थेट लोर्नाच्या वर्गात आली. मुळं काळी पडली होती. मागोमाग कोल्बीही आला. जागा मी निवडली, चूक माझी, असं तो मुलांना समजावत होता.

लोर्नाला गप्प बसता आलं असतं.

"चूक सरांची नाही," ती म्हणाली. "तिथे रोपं जगणार नाहीत, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी बोलले नाही."

"का, बाई?" हेझलने विचारलं.

"मला सरांचा हेवा वाटत होता."

कोल्बी निघून गेला. पुढे दोन आठवडे तो तिच्याशी बोलला नाही.

मग एका शनिवारी मुलं नव्या लागवडीसाठी वरच्या उतारावर जमली. लोर्नाला कुणी बोलावलं नव्हतं. ती खाली ओढ्याकाठी एकटीच मेलेली रोपं उपटत होती. दुपारी कोल्बी खाली आला आणि शेजारच्या रांगेत वाकला. बराच वेळ दोघं उपटत राहिली.

"वरची माती एकदा बघाल?" शेवटी तो म्हणाला.

ती चढून वर गेली. तिने मूठभर माती उचलली, दाबली आणि मूठ उघडली. माती भुरभुरत खाली पडली.

"इथे लावा. आठ वर्षांनी तोडणीला येतील."

तिच्या नोकरीची तीनच वर्षं उरली होती. तिने हात झटकले आणि उरलेल्या रांगा उपटायला खाली निघाली.