टॉवेलाखालचा सौदा

मानवजातीचा खरा इतिहास तलवारीनं नव्हे, तलवारीच्या मुठीवरच्या चकतीनं घडवला आहे. हे वाक्य मी ऐरोलीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर भर सभेत उच्चारलं, तेव्हा सभेनं, म्हणजे चार जणांनी, चहा कुणाकडून आहे एवढंच विचारलं. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

चकती म्हणजे काय, ते तुम्हाला सांगतो. जपानी तलवारीचं पातं आणि मूठ यांच्यामध्ये तळहाताएवढी लोखंडी चकती असते, मधोमध पात्यापुरतं भोक. मुठीवरचा हात घसरून पात्यावर जाऊ नये, म्हणून ती. जपानी लोक तिला त्सुबा म्हणतात. माझा मित्र रणजीत तिला वायसर म्हणायचा. त्याच्याकडे दोन होत्या. एकीवर उडता बगळा, दुसरीवर लाटा.

रणजीत साताऱ्याकडचा, रबाळ्याच्या एका कारखान्यात टूलमेकर. कंपनीनं त्याला शिकायला जपानला धाडलं होतं, तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं निघताना ही जुनी जोडी त्याच्या हातावर ठेवली. कारण रणजीतची उजवी तर्जनी पहिल्या पेराशीच संपायची. पुढची प्रेस मशिननं ठेवून घेतली होती. "हे आधी दिलं असतं तर बोट वाचलं असतं," असं रणजीत त्याला म्हणाला. दुभाष्यानं ते जसंच्या तसं सांगितलं आणि म्हातारा रडला म्हणे.

ते थोटं बोट मला पाठ होतं. त्याच्या बायकोनं, शालनवहिनींनी, त्याचा तंबाखू बंद केल्यापासून रणजीत त्यांच्यादेखत, टेबलाखालून, माझ्या तळव्यावर त्या बोटानं दोन टिचक्या मारायचा. म्हणजे पुडी दे. मी स्वतः खात नाही, पण त्याची पुडी माझ्या खिशात असायची. तो जाऊन आठ महिने झाले. पुडी अजून आहे.

जायच्या आदल्या दिवशी तो मला एवढंच म्हणाला होता, की जोडी फोडू देऊ नकोस. मी हो म्हणालो. आयुष्यभर लोकांच्या शब्दांची टिंगल करून पोट भरलं, त्यामुळे स्वतः शब्द द्यायची सवय नव्हती. हा एकच दिलेला.

वहिनी गावी जायला निघाल्या आणि त्यांनी सामान विकायला काढलं. मला कळलं तोवर चकत्यांचा खोका भैरूशेठकडे पोचला होता. मी फोनवर जरा रागावलोच. त्या म्हणाल्या, चकत्या रोज सकाळी कपाटातून निघून ह्यांच्या ताटाच्या जागी एकावर एक ठेवलेल्या असायच्या. मी म्हटलं, झोपेत तुम्हीच ठेवत असाल.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "पंधरा दिवस कपाटाची किल्ली गळ्यात घालून झोपले मी."

भैरूशेठ पूर्वी एपीएमसीत कांद्याचे दलाल. आता रबाळ्यात एका गाळ्यात दर रविवारी सकाळी जुन्या सामानाचा लिलाव करतात, पण चाल कांद्याचीच. टेबलावर टॉवेल पसरायचा, गिऱ्हाइकानं त्याखाली हात घालायचा, भैरूशेठ आपल्या हातात तो हात घेणार आणि बोटं दाबून भाव ठरणार. एक बोट म्हणजे हजार. शेजारच्याला पत्ता लागत नाही.

जोडी एकत्र विका म्हणून मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, जोडी म्हटलं की गिऱ्हाईक दबकतं, सुटं इकलं की दोन घरं खूश.

बगळा मला तीन बोटांत मिळाला. लाटांना मात्र धर्मराज आडवा आला. खाडीकाठच्या गावचा जुना शेतकरी, आता चार बिल्डिंगांचा मालक. त्याला ती चकती बंगल्याच्या गेटला वेल्डिंग करून हवी होती. भोकात कडी छान बसेल म्हणाला. तो टॉवेलाखाली हात घालायचा आणि हसत बाहेर काढायचा. माझी चार बोटं झाली, तो पुन्हा हसला. पाचच्या पुढे माझी पेन्शन जात नाही. मी शेवटचा म्हणून हात आत घातला.

भैरूशेठचा तळवा गोणपाटासारखा खरखरीत आणि गरम. या वेळी लागला तो माठाच्या तळासारखा गार. पंख्याचा वारा, म्हटलं. मी पाचही बोटं पुढे केली. त्या हातानं ती एकेक करून मिटवली, करंगळीपासून, समजुतीनं, पुरे म्हटल्यासारखी. मिटवणाऱ्या बोटांतलं एक आखूड होतं.

मी वर पाहिलं. भैरूशेठच्या एका हातात टॉवेलाचा कोपरा होता. दुसऱ्यात चहाचा ग्लास.

"दमा की लेखकसाहेब," ते म्हणाले. "एवढा चहा संपू द्या, मग घालतो हात."

मी माझा हात सावकाश काढून घेतला. धर्मराजला वाटलं, म्हातारा बसला खाली. भैरूशेठची वाट न बघता त्यानं लगेच हात घातला. त्याचं हसू जागच्या जागी राहिलं. बाकीचा चेहरा निघून गेला. हात बाहेर आला तेव्हा मनगटावर वळ होते. तीन लांब, एक आखूड.

"भैरूशेठ," तो अगदी हळू म्हणाला, "टावेलाखाली आजून कोन हाय?"

भैरूशेठनी टॉवेल उचलून दाखवला. टेबलाची फळी, त्यावर कांद्याचं एक वाळकं साल.

"मना नको ती," धर्मराज म्हणाला. "काकांनाच द्या." आणि उजवा हात काखेत दाबून तो गाडीकडे गेला. गाडीचं दार त्यानं डाव्या हातानं उघडलं.

भैरूशेठ म्हणाले, आता तुमीच उरला, तीन बोटांत घ्या. पण सौदा पक्का करायला हात घालावाच लागतो. त्यांनी टॉवेल पुन्हा पसरला. मी हात घातला. त्यांच्या गरम हातानं माझी तीन बोटं दाबली, सोडली आणि ते दोन्ही चकत्या एकाच वर्तमानपत्रात गुंडाळायला वळले.

माझा हात आतच राहिला. कुणीतरी धरला होता. जोरात नाही, फाटकापर्यंत पोचवायला आलेला माणूस धरतो तसा. मग त्या हातानं माझा तळवा उलटा करून उघडला आणि त्यावर थोट्या बोटानं दोन टिचक्या मारल्या.

मी डाव्या हातानं खिसा चाचपला. पुडी होती. डबी मात्र रणजीतच स्वतःजवळ ठेवायचा.

"भैरूशेठ," मी म्हणालो, "चिमूटभर चुना मिळेल का?"