मेल्या, मुक्काम परळ

मी मेल्या बोलतोय. हसू नका, पासपोर्टवर हेच नाव आहे. परळच्या एका चाळीत, जिन्याखाली माझा जन्म झाला. जात गावठी, रंग पिवळट, डावा कान पडका. पहिल्या मजल्यावरच्या रखमाकाकी दारात मासे साफ करायला बसल्या की मी जवळ सरकायचो आणि त्या ओरडायच्या, "मेल्या, सर मागे!" पाठोपाठ बांगड्याचं डोकं यायचं. इतक्या नेमानं हाक मारून कोणी खायला घालत असेल, तर ते आपलंच नाव, असं कुणालाही वाटेल.

समोरच्या गिरणीच्या जागेवर काचेची ऑफिसं झाली होती. तिथे लोटे नावाची एक डच बाई कामाला होती. एका स्कूटरवाल्यानं माझ्या पायावरून चाक नेलं, तेव्हा तिनं मला उचलून डॉक्टरकडे नेलं. पाय बरा झाला, पण तिला मला सोडवेना. ती चाळीत आली आणि मोडक्या हिंदीत विचारू लागली, हा कुत्रा कोणाचा?

"आमचो खंयचो?" काकी म्हणाल्या. "तो आपलो हंय आसता."

काकींचा मुलगा हितेंद्र तेव्हा परदेशी नोकरीसाठी एजंटांकडे खेटे घालत होता. तो म्हणाला, "घेऊन जा मॅडम. चाळीत कोणाचा तरी नंबर लागला."

अशा रीतीनं, मला न विचारता, मी नेदरलँड्सला गेलो.

देश छान आहे. रस्त्यावर कचरा नाही, म्हणजे आमच्यासारख्याला हुंगायला काही नाही. खायला कोरड्या गोळ्या. आरोग्याला उत्तम, म्हणजे बेचव. लोटे प्रत्येक पाहुण्याला सांगायची की मला वाचवून आणलंय. पाहुणे उसासे टाकायचे. कशापासून वाचवलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही, बहुधा बांगड्यापासून. मी फार भुंकतो अशी शेजाऱ्यांनी तक्रार केली, म्हणून मला शिकवणीला घातलं. विषय, चारचौघांत कसं वागावं! वीस बिऱ्हाडं, त्यांची भांडणं आणि खाली नाशिक ढोल, हे सगळं एकाच वेळी सांभाळलेल्या कुत्र्याला! असो. भुंकण्याआधी थांबायला मी शिकलो. थंडीत लोटेच्या पायाशी निजायलाही शिकलो. तेवढं मात्र आवडलं, खोटं कशाला बोलू?

सात वर्षांनी लोटेची पुन्हा मुंबईला बदली झाली. मी छाती काढून उतरलो, आपल्या गावी आलो! तर चाळ गायब. त्या जागी दोन इमारती: उंच ती विकायची, ठेंगणी ती चाळकऱ्यांची, मध्ये भिंत. लोटेनं उंच इमारतीत घर भाड्यानं घेतलं. तिथे कुत्र्यांसाठी वेगळी लिफ्ट. एवढा मान परदेशातही मिळाला नव्हता.

पहिल्याच दिवशी रस्त्यावरच्या कुत्र्यांनी मला घेरलं. म्होरक्या बहुतेक माझा सख्खा भाचा असावा, कान तसाच पडका. तो गुरगुरला. मी शिकवल्याप्रमाणे भुंकण्याआधी थांबलो. तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं, हा बाहेरचा.

लोटे मला ओढून बाजूला घेत होती, तेवढ्यात भाजीची पिशवी घेतलेली एक म्हातारी थांबली.

"मेल्या! खंय होतंस रे इतके दिवस?"

माझी शेपटी मला न विचारता हलू लागली.

त्यानंतर लोटे रोज संध्याकाळी मला काकींकडे नेऊ लागली. ठेंगण्या इमारतीत सगळ्यांची दारं बंद असत. काका वारले होते, हितेंद्र दोह्याला नोकरीला लागला होता. लोटे जमिनीवर मांडी घालून माशाची आमटी-भात हातानं खायची. एकदा म्हणाली, "माझी आई म्हणते, मी फार मोठ्यानं बोलते. इंडियन झालेय."

"आणि हंयचे तुका गोरी म्हणतत," काकी म्हणाल्या. "जेव तू."

मग लोटेची बदली सिंगापूरला झाली. माझा प्रवासाचा पिंजरा माळ्यावरून खाली आला आणि मी पलंगाखाली गेलो. काकी स्वतः भिंतीला वळसा घालून आल्या. "हेका ऱ्हवांदे माझ्याकडे. मी बघतंय त्याका."

लोटे खूप रडली. मग तिनं पट्टा काकींच्या हातात दिला. या वेळीही मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, कोण जाणे.

आता मी ठेंगण्या इमारतीत राहतो. सोसायटीनं गावठी कुत्र्यांना बंदीची नोटीस लावली, तेव्हा काकींनी माझा पासपोर्ट वॉचमन गणपतच्या नाकासमोर धरला. तेव्हापासून मी परदेशी आहे. लिफ्टमध्ये लोक सरकून जागा देतात.

माझी एकच विनंती आहे. मी कुठला, हे मला विचारू नका. रविवारी दुपारी तर मुळीच नको, तेव्हा आम्ही दोघं कामात असतो. आधी लोटेचा व्हिडिओ कॉल येतो. ती "मेल्या" म्हणते आणि मी फोनच्या मागे जाऊन बघतो. तिथे फक्त काकींची बोटं असतात. काकी पोट धरून हसतात.

नंतर हितेंद्रचा कॉल येतो. तो पाच मिनिटं बोलतो, ठेवतो. काकी काळी पडलेली काच पदरानं पुसतात, फोन उलटा करून बघतात, पुन्हा सुलटा करतात.

मी हसत नाही.