काकांचा घसा बसला

शिंपीकाकांचा लाडका हॉकी संघ वर्षानुवर्षं मार खात होता. काका मात्र दर सामन्याला गोलजाळीमागच्या ओसाड बाकांवर बसून गोलकीपरचा उद्धार करत.

"अरे खांबा, हल की जरा!"

"ऐकतं कोण तिथं तुमचं?" काकू म्हणायच्या.

त्या रविवारी काकांचा घसा बसला होता. पहिला गोल झाला, काका गप्प. दुसरा झाला, तरी गप्पच. तिसऱ्याला गोलकीपरनं वळून पाहिलं आणि मध्यंतर होताच तो कुंपणापाशी आला.

"काका, बरं नाही का तुम्हाला?"

काका घरी आले ते खुदुखुदु हसतच.

"जिंकलात की काय?" काकूंनी विचारलं.

"छे! सात गोल खाल्ले पठ्ठ्यानं," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पण ऐकत होता गं, इतकी वर्षं!"