फ्रिक्वेन्सी रिकामी आहे का?

मी अ‍ॅम्प्लिफायर बोलतोय. खरं सांगायचं तर स्वतःचं असं काही बोलायची ही माझी पहिलीच वेळ. आजवर दुसऱ्याचं बोलणं फुगवून जगाला ऐकवण्यातच जन्म गेला. घसा माझा, मजकूर लोकांचा. असं काम करणारी माणसंही असतात म्हणे, पण त्यांना बसायला खुर्ची मिळते. मला टेबलाखालची फरशी मिळाली.

माझं कूळ विचारू नका. अंगावरचा पत्रा बंद पडलेल्या ओव्हनचा, पोटातला ट्रान्सफॉर्मर वेल्डिंगच्या मशीनमधला, आणि काचेचे व्हॉल्व्ह भंगारातले. मला घडवलं लाउडस्पीकर दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने. तो हॅम होता, म्हणजे परवाना काढून घरच्या रेडिओसेटवरून दूरदूरच्या अनोळखी माणसांशी गप्पा मारणाऱ्या हौशी मंडळींपैकी. सेट बोलतो बेताच्या आवाजात. ते बोलणं मी कैक पटींनी वाढवून अँटेनाकडे धाडतो. कारागीर माझ्यावर खूश होता, पण तो बोलायला लागला की शेजारणीच्या दाराची घंटा आपोआप वाजायची. दार उघडून उघडून ती बिचारी दमली आणि एक दिवस आमच्याच दाराशी येऊन उभी राहिली. लवकरच मला दातांच्या डॉक्टरांकडे धाडण्यात आलं.

डॉक्टर माणूस चांगला. पण दवाखान्यात ज्यांच्याशी बोलायचं त्यांचं तोंड सताड उघडं, आणि उत्तर काही देता येत नाही. त्यामुळे प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. त्यांची बायको शाळेत भूगोल शिकवते. तिने यावर बोलणं कधीच सोडून दिलं होतं.

मला आणलं ते डॉक्टरांच्या साडूंमुळे. साडूही हॅम. वर्षातून एकदा हॅम लोकांची स्पर्धा असते: ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त लोकांशी संपर्क साधायचा, जितके लांबचे तितके गुण जास्त. मागच्या वर्षी साडू पुढे गेले, आणि सासरी जेवायला बसलं की दुसऱ्या वाढपाच्या आत तो विषय निघायचाच. म्हणून या वर्षी डॉक्टरांनी जास्त ताकदीच्या गटात नाव घातलं आणि मला टेबलाखाली बसवलं. मी तर हवेतच. घरात आल्या आल्या मला वाटायला लागलं की आता या घराची अब्रू माझ्यावरच.

स्पर्धेच्या नियमांचे कागद भिंतीवर टाचलेले होते. वरचं पान गुणांचं. ते डॉक्टरांना तोंडपाठ. शिष्टाचाराचं पान त्याच्याखाली दडलेलं, ते पुढे बाईंनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोने, मोठ्याने वाचलं तेव्हा मलाही कळलं. फ्रिक्वेन्सी कुणाच्या मालकीची नसते, पण जो आधीपासून तिथे बोलत असेल त्याला उठवायचं नाही. बोलण्याआधी ऐकायचं, रिकामी आहे का ते विचारायचं. आणि स्पर्धेला नेमून दिलेल्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, कारण पलीकडची जागा ज्यांना स्पर्धेशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी आहे.

स्पर्धेच्या सकाळी पट्ट्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. डॉक्टर सरकत सरकत कडेला आले आणि कडेवरून हळूच पलीकडे गेले. तिथे शांत वाटलं. त्यांनी विचारलं, "ही फ्रिक्वेन्सी रिकामी आहे का?" आणि त्याच श्वासात हाका मारायला सुरुवात केली.

मग माझा थाट काय वर्णावा! व्हॉल्व्ह तापलेले, पंखा घरघरतोय, लांबलांबून उत्तरं येतायत, आणि मला वाटतंय सगळे माझ्याच भेटीला आलेत. गंमत अशी, की अँटेनाने पकडलेला प्रत्येक आवाज माझ्याच पोटातून सेटकडे जातो. त्या सकाळी एक बारीक आवाज पुन्हापुन्हा माझ्या पोटातून गेला आणि मला पत्ता नाही. माझ्या पंख्यापुढे कुणाचं काय ऐकू येणार? डॉक्टरांनीही कान दुखतात म्हणून हेडफोन काढून ठेवले होते. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात. इथे तर दोन डबकी एका खोलीत.

तेवढ्यात बाईंनी आतल्या खोलीत इस्त्री लावली. माझा भार आधीच भारी, त्यात इस्त्री. फ्यूज उडाला. मी थंड पडलो, पंखा थांबला. सेट मात्र बॅटरीवर होता, तो चालू राहिला, आणि खोलीत पहिल्यांदाच नीट ऐकू यायला लागलं.

सेटमधून कुणी वयस्क बाई बोलत होत्या. या निवृत्त नर्स. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या हॅम लोकांची त्या रोज सकाळी याच फ्रिक्वेन्सीवर हजेरी घेतात. ज्याने 'आहे' म्हटलं तो ठीक आहे, इतका साधा कारभार.

"घड्याळजी, असाल तर परत बोला," त्या म्हणत होत्या. "कुणीतरी आपल्या डोक्यावर येऊन बसलंय."

डॉक्टरांचा चेहरा पडला. सेट बंद करायला त्यांनी हात पुढे केला, आणि त्याहून बारीक आवाज आला. हेच घड्याळजी. घड्याळं दुरुस्त करणारे हे म्हातारे टेकडीवर एकटे राहायचे.

"सिस्टर, शिडीवरून पडलो. पाय हलत नाही. माइक कसाबसा खाली ओढलाय."

सिस्टर पुन्हा त्यांना हाक मारत राहिल्या. त्यांच्यापर्यंत तो आवाज पोचतच नव्हता. टेकडी आमच्या बाजूला, म्हणून तो आम्हालाच तेवढा लागत होता. बाई फ्यूज बघायला दारात आल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, त्यांना ऐकू जात नाहीये. तुम्ही सांगा ना."

डॉक्टरांनी माइक उचलला. बोललो की आपणच ते, हे उघड होणार, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी घड्याळजींचं बोलणं सांगितलं आणि पुढे म्हणाले, "मघापासून इथे ओरडत होतो, तो मीच."

"ते आवाजावरून कळलं," सिस्टर म्हणाल्या. "आता ते काय म्हणतात ते जसंच्या तसं सांगा. मध्ये तुमचं काही घालू नका."

मग डॉक्टरांनी एकेक प्रश्न विचारला आणि उत्तर येईपर्यंत थांबले. खरखरीत शब्द बुडायचा, ते पुन्हा विचारायचे, पुन्हा थांबायचे. कोणता पाय, दाराला आतून कडी आहे का, पुतणीचा नंबर काय. सिस्टरनी फोन लावला, पुतणी धावत पोचली आणि घड्याळजींना इस्पितळात नेलं. या सगळ्यात माझा उपयोग काय झाला म्हणाल, तर मी बंद पडलो होतो. आयुष्यातलं माझं सर्वांत मोठं कार्य तेच.

स्पर्धेत आमचा निकाल लागला. पट्ट्याबाहेर मिळवलेले संपर्क डॉक्टरांनी स्वतःच खोडले, आणि उरले ते सांगण्यासारखे नव्हते. पुढच्या जेवणाला साडूंनी मुद्दाम विचारलं, एवढं धूड आणून काय झालं? डॉक्टर पानातली आमटी संपवत म्हणाले, "फ्यूज उडाला." बाईंनी त्यांना न विचारता आणखी वाढली.

आता मी टेबलाखालीच असतो, अंगावर जुनी चादर. डॉक्टर रोज सकाळी सिस्टरना हजेरीत मदत करतात. हवेत खरखर फार असली की सिस्टर स्वतःच म्हणतात, डॉक्टर, आज तुमचा तो मोठा घसा लावा. मग मला जागं करतात. हजेरीतलं एक नाव मी दणक्यात उच्चारतो आणि लगेच मला बंद करतात. उत्तर ऐकायचं असतं ना. पहिल्यांदा हा अपमान वाटला. आता सवय झाली.

मंडळी, माझ्या मोठ्या आवाजावर जाऊ नका, पण एवढं ऐका. कुणाला हाक मारलीत की लगेच दुसरी मारू नका. घड्याळजींना हल्ली वॉकर धरून माइकपर्यंत यायला वेळ लागतो.