तुळशीसकट विकणे आहे

"तुळस लावली का तिचं लगन लागेपावतर तिले जागची हलवू नको. अन् फेऱ्या घेताना ना बोलाचं, ना थांबाचं. अकरा म्हंजे अकरा."

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा मी नवी नवरी होते. त्यांना जाऊन अठरा वर्षं झाली, तरी सकाळी अंगणात उतरले की तो आवाज कानाशी येतोच. लेकीच्या, रोशनीच्या वेळची सोयर आणि सासूबाईंचं सुतक सोडलं तर एकतीस वर्षांत माझ्या नेमात खंड नाही.

यंदा आषाढात शेजारच्या बकरीने अंगणातली तुळस मुळापर्यंत खाल्ली. देवशयनीला नवी लावायची, तर बकरीचं तोंड पोचणार नाही अशी जागा सेक्टर दहामधल्या आमच्या कंपनीच्या क्वार्टरात एकच होती. ह्यांच्या मोटारीचं बॉनेट. हे त्याला रोज पॉलिश मारत, त्यामुळे बकरी चढली की घसरून खाली यायची.

मोटार म्हणजे एकोणीसशे एकोणसत्तर सालची अमेरिकन मस्टँग. चौदा वर्षांपूर्वी ह्यांनी रायपूरच्या एका भंगारवाल्याकडून तिचा सांगाडा आणला आणि स्टील प्लांटची ड्युटी संपली की त्यात शिरून बसू लागले. आठ सिलेंडरच्या जागी जीपचं चार सिलेंडरचं डिझेल इंजिन आलं. सीटा टेम्पोच्या आल्या. हवा आत घ्यायला म्हणून बॉनेटला वर मोठं भोक पाडलं, पण त्यात बसवायची वस्तू काही मिळाली नाही. इंजिन लहान, त्यामुळे आत जागा रिकामीच होती. मी तुळशीचं बोलल्यावर ह्यांनी भोकाखाली पत्र्याचा ट्रे वेल्ड करून दिला, पाणी निघायला नळीसुद्धा लावली. देवाला हात जोडत नाहीत, पण वेल्डिंगचं काम सांगा, नाही म्हणणार नाहीत.

जूनमध्ये हे रिटायर झाले. दसऱ्याच्या आत क्वार्टर सोडायचं होतं, आणि नेहरू नगरचा नवा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, खाली जागा एका स्कूटरपुरती. म्हणून रोशनीने नागपूरहून मोबाईलवर जाहिरात टाकली: मॉडिफाइड क्लासिक, एकाच माणसाने चालवलेली, जिवापाड जपलेली. फोटो सगळे मागून आणि बाजूने.

"बाबा, समोरून एक तरी द्या ना," ती फोनवर म्हणाली.

"समोरून तुही आई हाये," हे म्हणाले.

दसरा आधी येतो हे कळत होतं, तरी मला एवढंच हवं होतं की गाडी कार्तिकात, तुळशीचं लग्न लागल्यावर जावी. गिऱ्हाईक मात्र भाद्रपदातच आलं, गणपतीच्या चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला. निखिल नाव, शहराबाहेरच्या जामुलचा, सिमेंटच्या व्यापाऱ्याचा मुलगा. दंड एवढे की शर्टाची बाही कशी घातली असेल असं वाटावं. गाडीभोवती माझ्या फेऱ्या चालू होत्या, तिसरी.

तो बॉनेटकडे बघत राहिला. "अंकल, ये क्या एक्स्ट्रा फिटिंग है?"

"एअर फ्रेशनर," हे म्हणाले. "बैठो, स्टार्ट करके दिखाता."

मी डोळे वटारले. बोलता येत नव्हतं. सातवी फेरी झाली आणि ह्यांनी चाकाखालची वीट काढली, किल्ली फिरवली. गाडी गरजली, दोन कावळे उडाले, आणि आमची मस्टँग पहिल्या गिअरमध्ये बैलगाडीच्या चालीने फाटकाबाहेर पडली.

आता ह्या गाडीची खोड अशी की ब्रेक दाबला की इंजिन बंद पडतं, आणि एकदा बंद पडलं की दुपारपर्यंत सुरू होत नाही. गरम होईस्तोवर गिअरही पहिल्यातून निघत नाही. ह्यांना थांबता येईना. मलाही थांबता येईना, चार फेऱ्या बाकी होत्या.

चालत्या गाडीला प्रदक्षिणा घालणं वाटतं तेवढं कठीण नाही. डाव्या बाजूने पळत पुढे जायचं, समोरून ओलांडायचं, मग उजव्या बाजूला जागच्या जागी पावलं टाकली तरी पुरे, गाडी आपणच पुढे सरकते. पण अमेरिकन गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. दर फेरीला मी ह्यांच्या खिडकीपाशी धापा टाकत पोचायची.

"थांब ना वो! लोक पाहून राहिले!"

मी पुढे.

"इंजिनसमोरून नको जाऊ म्हणतो ना मी तुले!"

मी समोरून गेले.

गल्लीच्या टोकाला शकुबाई, आमच्याच गल्लीतली, दूध घ्यायला उभी होती. तिला वाटलं नवीन व्रत निघालं. पातेलं ओट्यावर ठेवून ती माझ्यामागे लागली. तिच्यामागे आणखी सहा बायका. कुणी आरतीचं ताट आणलं. तुळशीला कुंकू लागलं, मग ह्यांना, मग निखिललाही. चौकात पोचेस्तोवर त्याच्या मांडीवर दोन नारळ होते आणि तो हात जोडून बसला होता. अकरावी फेरी चौकात संपली. गिअर तेवढ्यात न्यूट्रलला आला, शकुबाईने चाकाखाली दगड लावला, आणि गाडी जागेवर घुरघुरत राहिली.

मला रडूच आलं. "शकू, हलली वो. तुळस जागची हलली."

"मातीतून निघाली का?"

"नाही."

"मंग? बसमधी बसलेल्या माणसाले कोणी चालला म्हणते का?"

बायकांनी माना डोलावल्या. माझ्या जिवात जीव आला.

निखिल खाली उतरला. "अंकल, डन. अभी लेके जाऊंगा. बंद मत करना, नहीं तो दोपहर हो जाएगी. बस ये पौधा निकाल दो."

हे माझ्याकडे बघत राहिले. हात स्टिअरिंगवरच होता. चौदा वर्षांचं काम होतं ते, आणि तुळशीच्या ट्रेचं वेल्डिंगही त्यांचंच. आज गाडी गेली नाही तर दसऱ्याला भंगारात जाईल, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी हळूच म्हटलं, "ने बेटा. पण तिला काढायचं नाही. कार्तिकात तिचं लग्न लागलं की मी स्वतः काढून नेईन."

"ठीक है आंटी. पानी माली डाल देगा."

"पाणी माळी टाकंल, पण नेम माझा आहे. मी रोज येईन सकाळी. फाटक उघडं ठेव."

"जामुल? रोज? दो महीने?"

"तिच्या लग्नापावतर."

"ही येईल," हे पुटपुटले. "अमेरिकेत विकली असती तरी आली असती."

निखिलने नारळ मागच्या सीटवर ठेवले, स्टिअरिंग घेतलं. शकुबाईने दगड काढला. बैलगाडीच्या चालीने तुळस जामुलच्या रस्त्याला लागली. ती वळेस्तोवर हे चौकातच उभे होते, मग म्हणाले, "पॉलिशचा डबा द्याचा राहिला त्याले."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता उठून आंघोळ केली. तांब्यावर वाटी पालथी घातली, फडक्याने घट्ट बांधली. कुंकवाची डबी आणि पॉलिशचा डबा पिशवीत टाकला. एकटीने बसमध्ये मी आजवर कधी बसले नव्हते. हे भिंतीकडे तोंड करून झोपले होते. कडी वाजू नये म्हणून दार नुसतं लोटलं, आणि बसथांब्याकडे निघाले.